खोली द्या, करारावर सहीही द्या

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या घरमालकांना, घरमालकिणींना, तालमींच्या कार्यकर्त्यांना आणि रूम दाखवणाऱ्या एजंटांना,

काम तातडीचं आहे, म्हणून आधी काम सांगतो आणि मग कारण. कॉलेजांचे प्रवेश चालू आहेत. शासकीय वसतिगृहांच्या याद्या लागतायत आणि ज्यांची नावं त्यात नाहीत अशी पोरं-पोरी पाठीला सॅक लावून आपल्या पेठेत खोल्या बघत फिरतायत. मिरजकर तिकटीपासून नंगीवली चौकापर्यंत, बेलबागेच्या गल्ल्यांतून, साठमारीच्या बाजूला कुठंही बघा. कुणी चंदगडचं, कुणी गगनबावड्याचं, कुणी भुदरगडचं, कुणी पार जतहून आलेलं. यांतल्या बऱ्याच जणांना राहण्या-जेवणासाठी सरकारची मदत मिळू शकते. पण अर्जासोबत भाड्यानं राहत असल्याचा पुरावा लागतो, म्हणजे भाडेकरार, आणि करारावर घरमालकाची सही. ती मिळत नाही म्हणून अर्ज अडतात. तेव्हा विनंती अशी : खोली रिकामी असेल तर याच आठवड्यात द्या. ज्यांना आधीच दिली आहे त्यांना करार करून द्या. आणि भाडेकरू पारखताना जी चौकशी कराल ती सगळ्यांची सारखीच करा. 'सरकारी पैशावर शिकणारा आहे' म्हणून कुणाला दारातून परत पाठवू नका.

मी याच पेठेतला. वरच्या मजल्यावरच्या खोल्या भाड्यानं देणारा. त्यामुळे घरमालकाचं दुखणं मला बाहेरून कुणी समजावून सांगायची गरज नाही. रात्री बाराला जिन्यात वाजणारी बुटं, पाण्याची मोटर कुणी चालू ठेवली यावरची भांडणं, तीन महिन्यांचं भाडं बुडवून पहाटे बोचकं उचलून गेलेला गडी, हे सगळं आपण सगळ्यांनी बघितलंय. म्हणून 'चौकशी करू नका' असं मी म्हणणार नाही. चौकशी केलीच पाहिजे. प्रश्न एवढाच आहे की कशाची करायची.

मदत कसली, ती किती, हे आधी नीट समजून घेऊ. कारण 'फुकटचे पैसे मिळतात त्यांना' असं कट्ट्यावर जे बोललं जातं ते आकडे न बघता बोललं जातं. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी 2016-17 पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. शासकीय वसतिगृहात अर्ज करूनही जागा मिळाली नाही, तर बाहेर राहून शिकण्यासाठी हा पैसा. आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आहे. इतर मागास, विमुक्त, भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. मराठा आणि इतर आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. नावं वाचताना ध्यानात आलं असेल की पेठेतल्या जवळजवळ प्रत्येक घरातला कुणी ना कुणी भाचा, पुतण्या, पाहुण्याची पोरगी यांतल्या एखाद्या योजनेत बसते. कोल्हापुरात दार लावून घेणाऱ्या माणसाचाच भाचा पुण्यात असंच दार वाजवत असतो.

आता आकडा. स्वाधारची रक्कम शहर बघून ठरते. मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी वर्षाला 60 हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी 43 हजार. या 43 हजारांत जेवणाचे 25 हजार, निवासाचे 12 हजार आणि निर्वाहाचे 6 हजार धरलेत. निवासाचे 12 हजार म्हणजे महिन्याला हजार रुपये. हजार रुपयांत आपल्या पेठेत काय मिळतं ते तुम्ही जाणता. म्हणून तिघं-चौघं मिळून एक खोली घेतात, आणि तरी बाकीचं घरून मागवतात. घर कसलं, तर वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेलं, ही योजनेचीच अट. वर कॉलेजात 75 टक्के हजेरी लागते. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात हप्त्यानं येतात, आणि सरकारी हप्ता महिन्याच्या एक तारखेचा मुहूर्त पाळतोच असं नाही.

घरमालकाची पहिली अडचण इथंच सुरू होते. 'पैसे येतील तेव्हा येतील, तोवर माझं भाडं कोण देणार?' प्रश्न रास्त आहे. पण नीट बघा, महिन्याचं भाडं हप्ता येईपर्यंत थांबतच नाही. ते आईच्या भिशीतून, बापाच्या ऊसतोडीच्या उचलीतून, पोराच्या रात्रीच्या कामातून येत असतं. हप्ता येतो तो मागचा खड्डा भरायला. म्हणजे ज्या मुलाला मदत मंजूर आहे त्याच्याकडं एक उत्पन्न जास्त आहे, कमी नाही. तरी मनात शंका असेल तर ठरवून घ्या : दर महिन्याला अमुक रक्कम, आणि हप्ता जमा झाला की उरलेली एकदम. करारात तसं लिहा. माझ्या माहितीत असं लिहून घेतलेल्यांची भांडणं कमी होतात.

आणि जरा प्रामाणिकपणे विचार करा. बदली होऊन आलेला तहसील कचेरीतला कारकून खोली मागायला आला, तर आपण त्याला चहा विचारतो. 'सरकारी नोकरी आहे, भाडं बुडणार नाही' असं शेजाऱ्याला अभिमानानं सांगतो. त्या साहेबाला भाडं भरायला जो घरभाडे भत्ता मिळतो तो कुणाचा पैसा? तोही सरकारी तिजोरीतलाच की. एकाच्या खिशातला सरकारी पैसा पत वाढवतो आणि दुसऱ्याच्या खिशातला पत घालवतो, याचा हिशेब पैशात बसत नाही. तो दुसऱ्याच कशात तरी बसतो, आणि कशात ते आपल्याला ठाऊक असतं. म्हणून तर 'काय शिकतोस?' याच्या आधी 'आडनाव काय?' येतं. आडनावावरून समजलं नाही तर 'गावात घर कुठल्या बाजूला?' आणि तेवढ्यानंही भागलं नाही तर 'स्कॉलरशिप हाय का?' हा तिसरा प्रश्न भाड्याच्या काळजीपोटी विचारला जातो असं सांगितलं जातं. बऱ्याचदा तो पहिल्याच प्रश्नाचा मागचा दरवाजा असतो.

या शहराला हा दरवाजा नवा नाही. 1896 साली शाहू महाराजांनी राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं ते सर्व जातींसाठी. कागदावर कुणालाच बंदी नव्हती. पण व्यवस्था आणि निवड ज्यांच्या हाती होती त्यांच्या पारखण्यातून पुढच्या काही वर्षांत तिथं फक्त ब्राह्मण विद्यार्थी उरले. कुणी हुकूम काढला नव्हता, पाटी लावली नव्हती. रोजच्या छोट्या छोट्या निवडीतून ते घडलं. महाराजांनी त्यावर चिडून भाषण केलं नाही, दुसरी घरं बांधली. 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, पुढं मुस्लिम बोर्डिंग, लिंगायत बोर्डिंग, 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. दसरा चौकातून जाताना आपण ज्या इमारतींकडं अभिमानानं बोट दाखवतो त्यांच्या मुळाशी ही नाकारलेल्या खोल्यांची गोष्ट आहे. आज तेवढी वसतिगृहं पुरत नाहीत. त्यामुळं सरकार वसतिगृहाऐवजी पैसे देतं आणि म्हणतं, जा, बाजारात खोली शोध. म्हणजे वसतिगृहाची निवड समिती आता तुम्ही-आम्ही आहोत. गल्लीतला प्रत्येक घरमालक.

याच काळातली दुसरी गोष्ट बडोद्याची. 1917 साली डॉ. आंबेडकर तिथं नोकरीसाठी गेले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले, सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर शिकलेले, म्हणजे आजच्या भाषेत सरकारी मदतीचे लाभार्थीच. राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून दिवस काढावे लागले. खरी ओळख कळताच काठ्या घेतलेला जमाव खोलीसमोर येऊन उभा राहिला. शहरात ओळखीचे दोन मित्र होते, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघांनी सौम्य शब्दांत कारणं सांगितली. कमाटी बागेत संध्याकाळ काढून रात्रीच्या गाडीनं ते मुंबईला परतले. नोकरी होती, पगार होता, दरबारचा आधार होता. नव्हती ती एक खोली. मला या हकिकतीत काठीवाल्यांपेक्षा ते दोन मित्र जास्त महत्त्वाचे वाटतात, कारण काठी घेऊन आपल्यापैकी कुणीच उभं राहणार नाही. आपण कारण सांगतो. 'घरात म्हातारी आहे, तिला चालत नाही', 'आत्ताच एकाला शब्द दिला', 'रंगकाम काढायचं आहे'.

कारणं सांगण्याची ही पद्धत मोजूनही बघितली गेली आहे. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांतल्या भाड्याच्या घरांबद्दलचा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध केला. ऐपत सारखी, मागणी सारखी, फरक फक्त नावाचा. दलित नावांना नकार आले, मुस्लिम नावांना त्याहून जास्त आले. ज्यांना घर मिळालं त्यांनाही जादा भाडं आणि जादा अटी सोसाव्या लागल्या. दिल्लीचं दिल्लीला, असं म्हणायला मलाही आवडलं असतं.

बाहेरच्या देशांतही हा तिढा आहे. अमेरिकेत सरकार गरीब कुटुंबांना भाड्याचं व्हाउचर देतं आणि कित्येक घरमालक व्हाउचर दिसताच नाही म्हणतात. तिथल्या अनेक राज्यांनी आणि शहरांनी पैसा कुठून येतो यावरून भाडेकरू नाकारायला बंदी केली आहे. ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं जाहिरातींत सर्रास लिहिलेलं असायचं की सरकारी भत्त्यावर जगणाऱ्यांनी विचारू नये. 2020 च्या जुलैमध्ये यॉर्कच्या न्यायालयानं अशी सरसकट मनाई बेकायदा ठरवली. कारण असं दिलं की भत्ता घेणाऱ्यांत स्त्रिया आणि अपंग जास्त, म्हणून भत्त्याला नकार म्हणजे आडून त्यांनाच नकार. आपल्याकडचं 'स्कॉलरशिप हाय का?' याच जातीचं आहे.

आता दुसरी भीती, जी पहिलीपेक्षा मोठी आहे : 'करार केला की खोली गेली. पोरगं हटणार नाही.' ही भीती आपल्या वाडवडिलांकडून आली आहे. जुन्या भाडे कायद्यात पन्नास-पन्नास वर्षं नाममात्र भाड्यावर बसलेली कुळं पेठेतल्या वाड्यांनी बघितली, त्यामुळं आजोबांनी नातवाला सांगून ठेवलं, कागद करू नको. पण आजचा कायदा उलटा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 चं कलम 55 सांगतं की करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याहून मोठी गोष्ट पुढं आहे : करार नोंदवलेला नसेल तर खोली कोणत्या अटींवर दिली याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जातं, तुम्ही वेगळं सिद्ध करेपर्यंत. म्हणजे कागद न करणारा घरमालकच उघडा पडतो. उलट अकरा महिन्यांचा 'लिव्ह अँड लायसन्स' करार नोंदवला तर मुदत संपल्यावर खोली परत मिळवायला कलम 24 तुमच्या बाजूनं आहे. मुदतीनंतर राहणाऱ्याकडून दुप्पट रक्कम मागता येते. कुळाचा हक्क या करारातून लागत नाही. कुणा वकिलाला विचारा, तोही हेच सांगेल, फक्त फी घेऊन.

खर्च किती? एकूण भाड्याच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क, शहरात नोंदणी फी हजार रुपये, आणि काम करून देणाऱ्याची मजुरी. नोंदणी आता आधार आणि अंगठ्यावर ऑनलाइन होते, रजिस्ट्रार कचेरीत खेटे घालावे लागत नाहीत. पण तो हजार रुपये फीचा आकडा परत बघा. मुलाचा महिन्याचा सगळा निवास भत्ता तेवढाच आहे. म्हणून माझी विनंती अशी की हा खर्च निम्मा-निम्मा करा, आणि एका खोलीत तिघं राहणार असतील तर तिघांची नावं घालून एकच करार करा. जमत असेल त्यानं पूर्ण भरावा. करार तुमच्याही संरक्षणाचा आहे, फक्त त्यांच्या नाही.

घरफाळ्याचं भय खरं आहे. करारावर घर भाड्यानं दिल्याचं दिसलं की महापालिकेचा माणूस येईल आणि आकडा वाढेल, म्हणून तोंडी व्यवहार बरा, असं घराघरांत म्हणतात. याला माझ्याकडं गोड उत्तर नाही. वाढला तर वाढेल. पण त्याची किंमत अर्ज अडलेल्या पोरीनं का मोजायची? त्यापेक्षा आपण मिळून महापालिकेकडं मागणी करू की विद्यार्थ्यांना करारानं दिलेल्या राहत्या खोल्यांचा घरफाळा वाढवू नये. ही मागणी न्याय्य आहे आणि पेठेतून गेली तर तिला वजन येईल. फुटबॉलच्या मॅचला शाहू स्टेडियमवर आपण जेवढे जमतो त्याच्या पावपट माणसं या निवेदनावर सह्यांना आली तरी पुरे.

मग चौकशी करायची ती कशी? मी जे करतो ते सांगतो. कॉलेजचा बोनाफाइड किंवा प्रवेशाची पावती बघतो, आधारची छायाप्रत घेतो, पालकांशी फोनवर बोलतो. आधी कुठं राहत असेल तर त्या घरमालकाला विचारतो : भाडं वेळेत दिलं का, जाताना खोली कशी सोडली. ही चार कामं प्रत्येकाची, मग तो सोन्याच्या पेढीवाल्याचा मुलगा असो की ऊसतोड मजुराचा. घराचे नियम आधी सांगतो : गेट किती वाजता बंद, पाणी किती वेळ, वीज बिल कसं वाटायचं, पाहुणे किती दिवस. त्याला पटलं तर राहतो, नाहीतर जातो, कुणाचा अपमान होत नाही. अनामत एक-दोन महिन्यांची घेतो. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडे कायद्यात राहत्या जागेसाठी अनामतीची मर्यादा दोन महिन्यांचीच ठेवली आहे. राज्यानं स्वीकारल्याशिवाय तो कायदा बंधनकारक होत नाही, पण माप म्हणून चांगला आहे. भाड्याची पावती देतो, ती देणं कायद्यानं बांधलेलंच आहे. भाडेकरूची माहिती जुना राजवाडा पोलीस ठाण्यात देतो. ही माहिती सगळ्याच भाडेकरूंची द्यायची असते, ठराविक आडनावांची नव्हे, हे काहींना सांगावं लागतं.

जातीचा दाखला बघायचा नाही. तो समाज कल्याण कार्यालयानं बघायचा कागद आहे, घरमालकाचा त्याच्याशी संबंध येत नाही. खात्यात किती पैसे आलेत ते बघायला पासबुक मागायचं नाही. आणि एक गोष्ट, जी लिहितानाही लाज वाटते : भाड्याची हमी म्हणून मुलांची एटीएम कार्डं किंवा मूळ गुणपत्रिका ठेवून घेणारे आहेत. मूळ कागद अडकले की दुसऱ्या फेरीचा प्रवेश, शिष्यवृत्ती, नोकरीचा फॉर्म सगळंच अडकतं. तुमच्याकडं असं काही ठेवलेलं असेल तर आजच परत करा. भाडं थकलं असेल तर त्याच्यासाठी अनामत आहे, करार आहे, कोर्ट आहे. पाणी किंवा वीजही तोडायची नाही. भाडे कायद्याच्या कलम 29 नं त्याला मनाई केली आहे.

खाण्याचा मुद्दा येणार, म्हणून आधीच बोलतो. तुमच्याच स्वयंपाकघरात शिजणार असेल तर नियम तुमचा, त्यावर वाद नाही. पण स्वतंत्र दार, स्वतंत्र खोली, मुलं मेसला जेवणारी, तरी 'फक्त शाकाहारी' अशी अट घालणाऱ्या काहींच्या घरातून रविवारी तांबड्या रश्श्याचा वास येतो. कोल्हापुरात या अटीवर कोण विश्वास ठेवणार?

कायद्याचा धाक दाखवायला मी हे लिहीत नाही, पण माहिती असावी. नागरी हक्क संरक्षण अधिनियम 1955 च्या कलम 4 प्रमाणे कोणत्याही वस्तीत राहती जागा घेण्यापासून वा तिथं राहण्यापासून अस्पृश्यतेच्या कारणानं कुणाला रोखणं हा गुन्हा आहे आणि त्याला किमान एक महिन्याची कैद आहे. समोरची व्यक्ती अनुसूचित जातीची असेल तर ते कृत्य अस्पृश्यतेपोटीच झालं असं न्यायालय गृहीत धरतं, उलट सिद्ध करायचं ते आपण. 'आमच्या गल्लीत चालत नाही' हे वाक्य मोबाइलवर रेकॉर्ड झालं तर उलट सिद्ध करणं सोपं जाणार नाही. एजंटांनीही हे वाचावं. 'मालकानं सांगितलंय अमुक समाजाचं नको' असं म्हणून पोरांना दुसरीकडं वळवणारे तुम्हीच असता, आणि कमिशन दोन्हीकडून घेता. मालकानं तसं सांगितलं तर ती खोली दाखवायला नकार द्या.

माझं बोलणं विद्यार्थ्यांपुरतं नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये महापुरात ज्यांची घरं पूर्ण गेली त्यांना सरकारनं भाड्यानं राहायला मदत जाहीर केली होती, शहरात 36 हजार आणि ग्रामीण भागात 24 हजार. पैसे मिळाले तरी 'पूरग्रस्त' म्हटल्यावर खोली देताना कपाळाला आठ्या पडतात : हे परत जाणार का, की इथंच राहणार? सुतारवाड्यातल्या कुटुंबांना पंचगंगा चढली की बोचकी उचलावी लागतात. पावसाळा समोर आहे. तेव्हाही हाच प्रश्न आपल्या दारात येणार आहे आणि उत्तर तेच असायला हवं : सारखी चौकशी, लेखी करार.

विद्यार्थ्यांनाही दोन शब्द, कारण हा कागद त्यांच्याही हाती पडेल. करार मागताना संकोच करू नका, तो उपकार नाही. पण हप्ता आला की आधी भाडं, मग नवा मोबाइल. हप्ता लांबला तर घरमालकाला टाळून जिना चढू नका, खाली थांबून सांगा. अर्जाची ऑनलाइन पोच दाखवा. आणि पारशी धर्मशाळेतल्या नावासारखं खोटं नाव, खोटं गाव सांगायची वेळ तुमच्यावर कुणी आणली, तर सांगू नका. विचारे माळावरच्या सामाजिक न्याय भवनात जा आणि कुठल्या घरातून काय उत्तर मिळालं ते लेखी द्या. समाज कल्याण खात्यालाही माझं एक मागणं आहे : नकार आलेल्यांची नोंद ठेवा, आणि हप्ते सत्राच्या सुरुवातीला द्या. महिन्याला हजार रुपये हा निवासाचा आकडाही बदला. आजच्या भाड्यांशी त्याचा काही संबंध उरलेला नाही, आणि तो कमी आहे म्हणूनच मुलं एजंटांच्या तावडीत सापडतात.

शेवटचं मागणं तालमींकडं. पाटाकडील असो, बाळगोपाळ असो, नंगीवली असो, या तालमींनी पेठेला नुसते मल्ल आणि फुटबॉलपटू दिले नाहीत. मयताला माणसं, पुराला नावा, रक्ताला रक्तदाते इथूनच उभे राहतात. चौकातल्या फलकावर आपण वाढदिवस आणि श्रद्धांजल्या लिहितो. पुढचे पंधरा दिवस त्याच फलकावर एक कोपरा रिकाम्या खोल्यांसाठी ठेवा. गल्ली, भाडं, अनामत, किती जणांची सोय, पाणी किती वाजता, मुलांसाठी की मुलींसाठी, आणि 'करार मिळेल' हे दोन शब्द. ज्या खोलीसाठी हे दोन शब्द लिहायची मालकाची तयारी नसेल ती खोली फलकावर घेऊ नका. संध्याकाळी तासभर तालमीत बसून करार आणि अर्ज भरायला मदत करणारं एखादं शिकलेलं पोरगं प्रत्येक मंडळात आहे. त्याला बसवा, एक लॅपटॉप द्या, छायाप्रतींचा खर्च वर्गणीतून काढा. मुलींना खोली बघायला जाताना सोबत म्हणून गल्लीतली एखादी काकी जाईल असं बघा.

माझ्याकडची एक खोली फलकावर पहिली लिहून घ्या. पहिला मजला, तिघांची सोय, नळाला पाणी सकाळी, गेट रात्री साडेदहाला बंद, वीज बिल मीटरप्रमाणे, अनामत एक महिना, करार मिळेल.